डब्यातले बिऱ्हाड

मराठी माणसाचे अर्धे आयुष्य डब्यात जाते. शाळेत असताना पोळीभाजीचा डबा, नोकरी लागली की लोकलचा डबा, दिवाळीत चकलीचा डबा आणि बायकोने आईच्या नजरेआड ठेवलेला काजूचा डबा. पण डब्यात बिऱ्हाड करावे, हे परवापरवापर्यंत कुणाच्या डोक्यात आले नव्हते. आता पौडच्या पुढे ताम्हिणीच्या रस्त्याला लागलात, की डोंगराच्या उतारावर मधूनच एखादा लांबोडका लोखंडी डबा दिसतो. त्याला खिडकी असते, खिडकीला पडदा असतो आणि डोक्यावर सूर्याकडे तोंड करून बसलेले निळे पत्रे असतात. हा डबा म्हणजे जहाजावरचा कंटेनर. ज्यातून एकेकाळी कुणाची तरी शिवणयंत्रे नाहीतर बूट समुद्रापार गेले, त्यात आता माणसे शनिवार-रविवारी शांतता शोधतात.

या डब्याचा जनक मालकम मॅक्लीन नावाचा अमेरिकन ट्रकवाला. कापसाच्या गासड्या घेऊन तो बंदरावर गेला आणि माल उतरवून घेईपर्यंत दिवसभर ताटकळला. तेव्हा त्याला वाटले, की गासड्या उचलण्यापेक्षा अख्खी पेटीच का उचलू नये? ही गोष्ट तो स्वतः पुढे सांगत असे. इतिहासकारांना ती फारशी पटत नाही. मला पटते. काउंटरच्या आतल्या बाजूला वीस वर्षे बसल्यावर, बाहेर ताटकळणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय काय येते ते चेहऱ्यावर वाचता येते. ते असो. २६ एप्रिल १९५६ रोजी मॅक्लीनसाहेबांच्या ‘आयडियल एक्स’ या जुन्या तेलवाहू जहाजाने ५८ पेट्या घेऊन न्यूअर्क सोडले आणि ह्यूस्टन गाठले. सुटा माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट लागत, ते काम १६ सेंटांत झाले. बंदरातल्या हमालांचे पुढे काय झाले, ते या हिशेबात येत नाही.

आपल्याकडे हे डबे उतरवायला १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, त्याच उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. गोळीबारात पाच जण गेले. म्हणजे डब्याला जागा करून देतानाही जमीन काही फुकट सुटली नव्हती.

डबा म्हातारा झाला की विकतात. त्यात घर करण्याचे पेटंटसुद्धा आहे. फिलिप क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९८७ साली अर्ज केला आणि १९८९ साली ते त्याला मिळाले. ग्रीक तत्त्ववेत्ता डायोजेनिस रांजणात राहायचा, पण त्याला काही हे सुचले नाही. तत्त्वज्ञानात व्यवहार शिकवत नाहीत. त्याला कॉमर्सच लागते.

आमच्या मेहुण्यांनी मुळशीत काही गुंठे घेतले आणि एका संध्याकाळी माझ्यापुढे डब्याचे कोटेशन ठेवून विचारले, ‘‘भावोजी, याला गृहकर्ज बसेल का हो?’’ मी अर्ज भरायला घेतला आणि पहिल्याच रकान्यात अडकलो. घर म्हणावे तर पाया नाही. वाहन म्हणावे तर चाके नाहीत. माल म्हणावा तर जहाज नाही. साहेबांनी अर्जावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला. आमच्या शाखेत हा शेरा म्हणजे अर्जाची समाधी.

मेहुण्यांनी मग स्वतःच्याच पैशाने काम काढले. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, म्हणजे १६० चौरस फूट. रिकाम्याचेच वजन दोन टनांच्या वर. या डब्याचा सारा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो, त्यामुळे खिडकीसाठी पत्रा कापला की लोखंडी चौकट वेल्डिंग करून बसवावी लागते. नाहीतर डबा पोट सोडतो. एप्रिलमध्ये आत माणसाचा पापड होतो, म्हणून आतून उष्णतारोधक थर लावायचा आणि वर आणखी एक छप्पर घालायचे. एवढे सगळे झाल्यावर आत रुंदी उरते सात फुटांच्या आसपास. नवराबायकोला एकदम कूस बदलायची तर आधी ठराव मांडून अनुमोदन घ्यावे लागते. विजेसाठी वर सौर पत्रे आणि खाली बॅटऱ्या. मुळशीचा सूर्य मात्र आषाढात रजेवर जातो तो गणपतीच्या सुमारास हजर होतो, आणि रजेचा अर्जही ठेवत नाही.

‘‘भावोजी, विजेची तारच नको आपल्याला! संपूर्ण ऑफ-ग्रिड!’’ मेहुणे छाती फुगवून म्हणाले.

मला मुळशीचा जमाखर्च आठवला. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा पॉवर कंपनीने धरण काढले. पन्नासच्या आसपास गावे आणि आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे सत्याग्रहाला बसले. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. इंग्लंडला शिकायला गेलेला, तिथून बाँबची विद्या घेऊन आलेला आणि नंतर पारनेरात हातात झाडू घेऊन रस्ते साफ करणारा हा माणूस. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीने दिली. विनायकराव भुस्कुट्यांसारखे साथीदार होते, बायका होत्या, तुरुंग होता. पण बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. मोबदल्याचा आकडा ऐकल्यावर त्यांचा उत्साह ओसरला. कसणारा आणि सातबाऱ्यावरचा माणूस वेगळे असले की काय होते, हे बँकेत बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९२४ मध्ये सारे संपले. बापट शेवटी रेल्वे अडवून लांबच्या तुरुंगवासाला गेले.

१९२७ साली भिरा येथले वीजघर सुरू झाले. भीमा-कृष्णेतून पूर्वेला जायचे ते पाणी सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात पडू लागले. वीज मुंबईला गेली. पाणी खालच्या कुंडलिकेत गेले, आणि आज त्याच पाण्यावर कोलाडला आमच्यासारखी मंडळी हेल्मेट घालून रबरी होड्यांतून ओरडत जातात. जलाशयाच्या काठावरच्या कित्येक वाड्यांत मात्र अनेक दशके रॉकेलची चिमणीच राहिली. जमेला मुंबई, नावे मुळशी, आणि ताळेबंद बरोबर.

मेहुण्यांच्या प्लॉटवर देखरेखीला जवळच्या वाडीतले एक म्हातारबुवा असतात. क्रेन कुठे उभी करायची ते मेहुणे दाखवत होते, तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘दादा, लाईट न्हाई घेत तुमी?’’

‘‘नाही बाबा. मुद्दामच नाही.’’

‘‘आमचा बा लायटीचं अर्ज करता करता गेला,’’ म्हातारबुवा म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. पावसाची माहिती द्यावी तसे. मग पाण्याकडे हात करून म्हणाले, ‘‘आज्याचं घर तकडं व्हतं. वासं, दार, उंबरा, समदं सोडवून डोस्क्यावरनं वर आणलं. तवा किरेन कुठली?’’

मेहुणे क्रेनवाल्याशी तासाच्या भाड्यावरून घासाघीस करत होते, ते थांबले.

म्हातारबुवांनी उतारावर काठी टेकली. ‘‘डबा हितं नका ठिवू. पानी वरनं न्हाई येत, डोंगराकडनं येतं. आदी दगडाचा चौथरा घाला, हातभर उच.’’

क्रेन परत गेली. भाडे अर्ध्या दिवसाचे द्यावे लागले. चौथऱ्याचे दगड कुठून आणायचे तेही म्हातारबुवांनीच सांगितले आणि रविवारी नातवाला घेऊन सुतळी लावायला आले.