शेवाळाचं खापर खतावर

"शेवाळ आलंय? आधी खत बंद कर." प्लँटेड टँक, म्हणजे पाणवनस्पतींचं मत्स्यालय, ठेवणाऱ्या नवख्याला दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळे हेच सांगतात. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओत संशोधक डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने २२६ क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा टाकला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन सोडला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. पुढे १९९६ मध्ये पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉन्लिन यांनी हा विचार काचेच्या टाकीत आणला: फॉस्फेटची टंचाई ठेवली की झाडं शेवाळावर मात करतात.

तळ्यापुरतं हे खरंच आहे. चूक होते ती आकड्यांत. लिटरमागे तीसेक मायक्रोग्रॅम फॉस्फरस तळं हिरवं करायला पुरतो. टँकमधलं लिटरमागे १ मिलिग्रॅम फॉस्फेट म्हणजे सुमारे ३३० मायक्रोग्रॅम फॉस्फरस, आणि एवढं तर माशांच्या खाद्यातूनच साचू शकतं. शेवाळाला उपाशी मारायचं तर याच्या दहापटीहूनही खाली उतरावं लागेल, जिथे साधं घरगुती टेस्ट किट आंधळं होतं. शिवाय शेवाळाच्या इवल्या पेशी अत्यल्प अन्नावरही तगतात. उपासमारीत आधी झाड खंगतं, त्याची जुनी पानं कुजतात आणि शेवाळाला बसायला आयतीच जागा मिळते.

पाणवनस्पतींचे अभ्यासक टॉम बार यांनी उलट वाट धरली. भरपूर सीओटू असलेल्या, झाडांनी गच्च टँकमध्ये त्यांनी मुद्दाम फॉस्फेट घातलं, तरी शेवाळ फोफावलं नाही. आठवड्याला निम्मं पाणी बदला आणि खत हात न आखडता द्या, ही त्यांची पद्धत. (खत तरी कुठलं? कृषी सेवा केंद्रातून द्राक्षबागायतदार नेतात तेच १३:००:४५ आणि ००:५२:३४.)

"पण खत बंद केल्यावर शेवाळ गेलं की!" गेलं असेल. त्याच आठवड्यात पाणी बदललं, काच घासली, दिव्याचे दोन तास कमी केले, हे मात्र कुणी हिशेबात धरत नाही.

सर्वांत चिवट ते काळं ब्रशसारखं शेवाळ. अनुबियसच्या पानाच्या कडेला त्याचे राठ झुबके बसतात. दिसायला काळं, पण जातीचं लाल शेवाळ: फिल्टर थांबवून सिरिंजने ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेट झुबक्यावर सोडलं की दोन-तीन दिवसांत ते गुलाबी पडतं. हे झालं मलमपट्टीचं काम. मूळ बहुधा सीओटूच्या चढउतारात असतं. गॅस दिव्यासोबतच चालू केला, तर पहिला तास-दोन तास झाडं प्रकाशात असूनही कार्बनविना राहतात. सीओटूच नसेल, तर दिवा मंद ठेवणं आणि सहा-सात तासांवर आणणं हाच खरा उपाय.

तेव्हा खताची बाटली कपाटात टाकण्याआधी दिवा लागताक्षणी ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी, पाहा. तो निळा, म्हणजे सीओटू कमी, असेल तर गॅस दोन तास आधी सुरू करा. खत चालू राहू द्या.