गेजची आई

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेत, व्हरमाँट राज्यात, लोहमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अकाली उडाला. दारू ठासण्याची साडेतीन फुटांहून लांब पहार मुकादम फिनिअस गेजच्या डाव्या गालातून शिरून कवटी फोडून बाहेर पडली. तो जगला, पण मित्र म्हणू लागले, हा आमचा गेज नव्हे. पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. खरी गोष्ट मला पुढेच दिसते. १८५२ पासून काही वर्षे त्याने चिलीत सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. नेमलेली वेळ, ठरलेला रस्ता, उतारूंशी गोडीने वागणे: या शिस्तीनेच तो पुष्कळसा सावरला असावा, असे काही अभ्यासक आज मानतात. प्रकृती ढासळताच १८५९ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे परतला आणि फेफऱ्याच्या झटक्यांनी मे १८६० मध्ये वारला. ही मधली हकीकत डॉक्टर हार्लो यांना आईकडूनच कळली. १८६७ मध्ये शास्त्रासाठी थडगे उघडण्यासही घरच्यांनी संमती दिली.