घाणीतली सुरखी, चंद्रपूरची राख

वणी-मारेगावकडची काळी माती कपाशीला जेवढी मानवते, तेवढीच रस्त्याला नडते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, मृग बरसला की फुगून वर. मी रस्त्यांवर मिस्त्री होतो तेव्हा यावर एकच औषध: काळी खरवडा, मुरूम भरा, वर खडी दाबा. 1943 साली देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी नागपुरात बसून वीस वर्षांचा रस्ते-आराखडा केला. गावं जोडायचं ठरलं, मुरुमाच्या खाणी मात्र होत्या तिथेच राहिल्या. लांबून मुरूम आणायचा तर गाडीभाड्यातच पैसा संपे.

दुसरं औषध आमच्याच शिवारात भाजत होतं. वणीजवळच्या राजूरला चुनखडीही आहे नि कोळसाही, म्हणून चुन्याच्या भट्ट्या. काळ्या मातीत शंभराला तीन-चार भाग चुना कालवून पाणी मारा. फावड्याला लोंबणारा चिखल थोड्या वेळात रवाळ होतो, झटकला की सुटतो. पण नुसत्या चुन्याने माती सुधारते, पुरती ताकद यायला वेळ लागतो.

जुन्या गवंड्यांना ही खोड ठाऊक होती. बैलाच्या घाणीत चुना मळताना ते सुरखी घालत, म्हणजे फुटक्या विटांचा कुटलेला भुगा. मग तो चुना ओलीतही घट्ट होई. औष्णिक केंद्राची राख हेच काम करते. कोळशातली माती भट्टीत भाजून निघते आणि सुरखीपेक्षाही बारीक होऊन येते, कुटायची गरजच नाही. मात्र आपल्याकडच्या राखेत स्वतःचा चुना नावालाच, तो वरून घालावा लागतो. ‘राख टाकली, झालं’ म्हणणाऱ्याचं काम मला तरी पटत नाही.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच 1983 साली चालू झाला आणि राखेची तळी भरत गेली. 1999 साली राखेच्या वापराबद्दल केंद्र सरकारची अधिसूचना आली. 2003 च्या दुरुस्तीने औष्णिक केंद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत रस्त्याच्या भरावाला सुपीक माती वापरायला मनाई झाली. वणी त्या टप्प्यात येई, यवतमाळ शहर बाहेर राही. दिल्लीला राख खपवायची होती नि वरची माती वाचवायची होती. आमच्या काळीचं दुखणं कुणाच्या डोक्यात नसावं.

आता कोरडी, बारीक राख सिमेंटवाले उचलतात. रस्त्याच्या वाट्याला येते ती बहुतेक तळ्यातली, जाडी नि चुन्याशी मंद जुळणारी. भरावाला ती चालते. फक्त दोन्ही बाजूंनी मातीचं जाड कवच हवं, नाहीतर पहिल्याच पावसात शेजारच्या कपाशीत उतरते, आणि शेतकरी रोलरपुढे येऊन उभा राहतो.