ऑक्टोबरातल्या दोन रात्री

अमडापुरात नवरात्र आहे. बल्लाळी देवीचं दर्शन घेऊन परतणाऱ्यांची बोलणी रस्त्यावरून गच्चीपर्यंत येतात. सोयाबीन कालच निघालं. दोनदा आंघोळ केलीस तरी मानेला कुटार टोचतंय. तू हेडफोन लावतोस, मोबाइलवर ‘स्वदेशी’ या रॅप गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं सुरू करतोस आणि डोळे मिटतोस.

उघडतोस तेव्हा पायाखाली पालापाचोळा आहे. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवारची रात्र, मुंबईतलं आरे. नवरात्र इथंही आहे. दिवसा उच्च न्यायालयाने झाडं वाचवण्याच्या याचिका फेटाळल्या आणि अंधार पडल्यावर मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. त्या तुला दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. आधी बारीक, चिडका आवाज. मग तो जड होतो, लाकडात रुततो. मग घडीभर काहीच नाही, आणि मग फांद्या मोडत काहीतरी मोठं खाली येतं. बांधावरची बाभूळ पाडताना हा आवाज तू ऐकला आहेस, पण तेव्हा झाड एकच होतं. इथं एक संपला की दुसरा सुरू. पोरंपोरी ओरडतायत, पोलीस त्यांना मागे रेटतायत. उद्या जमावबंदी असेल, २९ जणांना अटक होईल. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालय तोड थांबवेल, तोवर २,१४१ झाडं गेलेली असतील.

गाणं याच वर्षीचं. आता इथं उभं राहून ऐकलं की त्याचा जोर कशात आहे ते कळतं. त्यात आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर स्वतः आहेत. जंगलासाठी शहरातून कळवळून लिहिलेली गाणी खंडीभर सापडतील. पण ज्याचं घर या झाडांत आहे, त्याचंच नाव इथं गाण्याच्या नावाला लागून आलंय. एमसी मवाली, एमसी तोडफोड, शंभरच्या आकड्यातून ‘सौ’ काढून ‘सौरभ’ वाचायला लावणारा अमरावतीचा १००आरबीएच, महार्या ही बोलायला कुणाला न ऐकणारी पोरं. त्यांनी आपल्या गाण्यात दुसऱ्याला जागा दिली. रॅप म्हणजे माइक हिसकावण्याची कला असं मानणाऱ्यांनी हे एकदा नीट ऐकावं. ‘स्वदेशी’चं सगळ्यात मोठं बळ मला इथंच दिसतं.

गाण्याचं नाव मात्र तुला आणखी मागे ओढतं. करवती विझतात. समोर गवताळ माळ, हजारो माणसं, मधे लाल झेंडा. पुन्हा ऑक्टोबर, पण १९४५ चा. १० तारीख, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं तलवाडा. मे महिन्यात झरी गावात पाच हजार वारली जमले होते आणि गोदावरी परुळेकरांच्या साक्षीने त्यांनी ठरवलं होतं, की आता वेठीला जायचं नाही. सावकाराच्या शेतात फुकट राबायचं नाही. तुझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या कमरेला लंगोटी आहे, अंगावर दुसरं काही नाही. तो तुझ्याकडे पाहतो, सरकून जागा करून देतो. थोड्या वेळाने गोळीबार होतो. पाच वारली मरतात. त्यांतला एक जेठ्या गांगड.

गाण्याने नावात हे सगळं ठेवलंय, पण काही मिनिटांत ते मावणार कसं? तलवाड्याला तुला मी आणलं, गाण्याने नाही. ज्याने गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलंय त्याला ते नाव ऐकूनच काटा येईल. ज्याने नाही वाचलं त्याला ते नुसतं जोरदार वाटेल. हे उणं आहे, आणि मला ते लागतं, कारण मूळ गोष्ट इतकी मोठी आहे.

दुसरं उणं ऐकायला २०१९ च्या सुरुवातीला ये. ‘गली बॉय’ सिनेमाच्या अल्बमात अठरा गाणी आहेत, त्यातल्या ‘इंडिया ९१’ला विवेक राजगोपालन यांनी मृदंगमच्या बोलांवर बांधलंय आणि तोडफोड, १००आरबीएच, महार्या, एमसी अल्ताफ, नॉक्शस डी असे पाच जण त्यात येतात. ताल अस्सल इथलाच, भाषा अनेक. आणि तिथंच गडबड होते. तोडफोडची गुजराती कानाला लागते न लागते तोच पुढचा येतो, त्याचा लहेजा ओळखू येतो तोच तो गेला. ताटात पाच भाज्या, प्रत्येकीचा एकच घास. रुची कळते, पोट भरत नाही.

रॅपचा जन्म तर एका जागी थांबण्यातून झालाय. पटत नसेल तर चल: ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. इमारतीच्या हॉलमध्ये बहिणीने पार्टी ठेवली आहे आणि भाऊ, डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवतोय. त्याच्या लक्षात आलंय, की गाण्यात जिथं नुसते ड्रम उरतात तिथंच पोरं बेभान नाचतात. मग तो तेवढाच तुकडा दोन तबकड्यांवर लांबवतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच. या लांबवलेल्या जागेतच पुढे बोलणारे आले.

हे तुला नवं नाही. आपल्याकडे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या मांडून बसतात आणि वऱ्हाडीत, तालावर, दारू-हुंड्यावर बोलतात, ते काय वेगळं आहे? ते एक वाक्य टाकतात, खंजेरीवर थाप देतात, माणसं हसून होईस्तोवर थांबतात, मग तेच वाक्य उलटं करून परत टाकतात. मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही ते घरी नेता येतं. ‘स्वदेशी’च्या पोरांकडे बोलण्यासारखं खूप आहे आणि वेळ थोडा. ते पळतात. मला वाटत राहतं, की अमरावतीच्या १००आरबीएचने एक आख्खं गाणं आपल्या बोलीत, खंजेरीच्या सवडीने म्हणावं.

गच्चीवर परत ये. रस्ता सामसूम झालाय. कानात तोडफोड बोलतोय, भरभर, गुजरातीत. मार्च २०२२ मध्ये तो गेला. २४ वर्षांचा होता.

तुझं बोट पडद्यावर मागे सरकतं, दहा सेकंद. पुन्हा ऐकतोस. अर्धं कळतं. परत मागे, परत दहा सेकंद. एक शब्द अडतो. परवा पोती घेऊन खामगावला जायचंच आहे. तिथल्या गुजराती शेठला विचारता येईल. तू तो शब्द तसाच, ऐकू आला तसा, मोबाइलमध्ये लिहून ठेवतोस.