पुणे लोकसभा मतदारसंघातील ‘विद्यमान’ : उमेदवारी, आघाड्या आणि मतदारांचा निवाडा (१९५७ ते २०२४)

निवडणुकीच्या राजकारणाविषयी लिहिताना ‘विद्यमान खासदार’ हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो की, त्यामागचे गृहीतक सहसा तपासले जात नाही. पदावर असलेली व्यक्ती मुदत संपताच पुन्हा मतदारांसमोर उभी राहते, मतदार तिच्या कामगिरीचा हिशेब मांडतात आणि तिला ठेवावयाचे की घालवावयाचे हे ठरवितात, असे ते गृहीतक आहे. प्रस्तुत लेखात पुणे लोकसभा मतदारसंघाच्या इतिहासाच्या आधारे हे गृहीतक पारखून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१९५७ मध्ये पुणे शहराचा एकसंध लोकसभा मतदारसंघ अस्तित्वात आला. तेव्हापासून २०२४ पर्यंत येथे १७ सार्वत्रिक निवडणुका झाल्या व त्यांतून १२ व्यक्ती लोकसभेत गेल्या. मावळत्या लोकसभेत पुण्याचे प्रतिनिधित्व करणारी व्यक्तीच पुन्हा पुण्यातून निवडून आली, असे या १७ निवडणुकांत अवघे चार वेळा घडले : १९७७ मध्ये मोहन धारिया, १९८४ व १९८९ मध्ये विठ्ठलराव गाडगीळ आणि २००९ मध्ये सुरेश कलमाडी. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत पुन्हा उभ्या राहणाऱ्या सदस्यांपैकी सर्वसाधारणपणे दहांतील नऊंहून अधिक विजयी होतात. चुरशीच्या जागाच तेथे नाहीशा होत चालल्या आहेत, असे डेव्हिड मेह्यू यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. या पार्श्वभूमीवर पुण्याचा आकडा विलक्षण वाटतो. परंतु त्यावरून ‘पुणेकर मतदार चंचल आहे’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पुण्यात विद्यमान खासदाराचे भवितव्य पुष्कळदा मतदानाच्या दिवसाआधीच, आघाड्यांच्या जुळणीत किंवा पक्षाच्या उमेदवारी यादीत ठरून गेले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

याचे पहिले व सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९५७ ची निवडणूक होय. नरहर विष्णु उर्फ काकासाहेब गाडगीळ हे १९५२ मध्ये पुणे मध्य मतदारसंघातून निवडून आले होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांनी बांधकाम, खाणी व वीज ही खाती सांभाळली होती. पुण्यातील काँग्रेस बहुजन समाजापर्यंत नेण्यात केशवराव जेधे यांच्याबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. आज स्वारगेटच्या ज्या चौकाला जेध्यांचे नाव आहे, तेथून दररोज हजारो प्रवासी जातात. त्यांतील किती जणांना जेधे-गाडगीळ या जोडीने शहराच्या राजकारणाला दिलेले वळण ठाऊक असेल, कोण जाणे. १९२५ मध्ये महात्मा फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव पुणे नगरपालिकेत मांडून सनातन्यांशी झुंजणारे जेधे आणि ब्राह्मण समाजातून आलेले काँग्रेसनिष्ठ गाडगीळ १९३० च्या दशकात एकत्र आले. ब्राह्मणेतर चळवळीचा मोठा प्रवाह त्यामुळे राष्ट्रीय चळवळीला मिळाला. पुढे जेधे शंकरराव मोरे यांच्यासह शेतकरी कामगार पक्षात गेले व पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. १९५७ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले, ते मात्र बारामतीतून.

त्याच निवडणुकीत काकासाहेबांचा पुण्यात पराभव झाला. विजयी झाले प्रजासमाजवादी पक्षाचे नारायण गणेश उर्फ नानासाहेब गोरे. गोव्याच्या मुक्तीसाठी मे १९५५ मध्ये निघालेल्या सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीचे नेतृत्व करून त्यांनी पोर्तुगीजांचा तुरुंगवास भोगला होता. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यातच स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे बळ त्यांच्या पाठीशी होते. या पराभवातील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीला गाडगीळांचा विरोध नव्हता. उलट संसदेत त्यांनी ती मागणी हिरिरीने मांडली होती. म्हणजे ज्या प्रश्नावर निवडणूक लढविली गेली, त्या प्रश्नावर विद्यमान खासदार आणि त्यांचा प्रतिस्पर्धी यांच्यात मुळात मतभेद नव्हता. मतदारांनी पाडले ते द्वैभाषिक लादणाऱ्या काँग्रेसला. ती शिक्षा मात्र भोगावी लागली काकासाहेबांना. एरवी एकमेकांविरुद्ध लढणारे समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि हिंदुत्ववादी समितीच्या छत्राखाली आले नसते, तर हा निकाल लागला असता काय, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. पराभवानंतर काकासाहेब पंजाबचे राज्यपाल झाले व पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी भूषविले. त्यांची सार्वजनिक प्रतिष्ठा या पराभवाने उणावली नाही, हेही पुरेसे सूचक आहे.

राज्यनिर्मितीनंतर समितीची एकजूट विस्कटली आणि १९६२ मध्ये ही जागा काँग्रेसकडे परतली. ती मिळविणारे होते शंकरराव मोरे. १९५२ मध्ये सोलापुरातून शेतकरी कामगार पक्षाचे खासदार झालेले मोरे आता काँग्रेसचे उमेदवार होते. १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी आणि १९७१ मध्ये काँग्रेसचे मोहन धारिया निवडून आले. लागोपाठच्या चार निवडणुकांत चार वेगवेगळे खासदार, असा हा हिशेब आहे.

धारिया यांचे उदाहरण याच्या नेमके उलट दिसते, पण तपशिलात पाहिले तर ते वरील प्रतिपादनाला पुष्टीच देते. जयप्रकाश नारायण यांच्याशी संवाद साधावा, अशी भूमिका जाहीरपणे घेतल्यामुळे मार्च १९७५ मध्ये त्यांना केंद्रीय मंत्रिमंडळातून दूर करण्यात आले. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास पत्करला. १९७७ मध्ये ते जनता पक्षातर्फे उभे राहिले व जिंकले. येथे व्यक्ती तीच राहिली, पक्ष मात्र बदलला. काँग्रेसच्या तिकिटावर ते उभे असते तर त्या वर्षीच्या लाटेत निभावले असते, असे मानणे कठीण आहे. पुण्याच्या इतिहासात विद्यमान खासदार प्रथमच पुन्हा निवडून आला, तोही स्वतःच्याच जुन्या पक्षाविरुद्ध लढून.

येथे परिभाषेसंबंधी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आपली वृत्तपत्रे ‘प्रस्थापितविरोधी लाट’ असा शब्द वापरतात. त्यात सरकारवरील राग आणि विशिष्ट प्रतिनिधीवरील नाराजी या दोन भिन्न गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. १९५७ व १९७७ चे पुण्याचे निकाल सरकारविरोधी होते, यात वाद नाही; पण एकात विद्यमान खासदार पडला आणि दुसऱ्यात तो तरला. शब्द एकच ठेवला की हा फरक दिसेनासा होतो.

१९८० पासून काकासाहेबांचे चिरंजीव विठ्ठलराव गाडगीळ यांनी सलग तीन निवडणुका जिंकल्या. पुण्याच्या खासदारकीतील सर्वांत स्थिर कालखंड हाच होय. १९९१ मध्ये भारतीय जनता पक्षाचे अण्णा जोशी यांनी त्यांचा पराभव केला. विद्यमान खासदार आपल्याच पक्षातर्फे उभा आहे आणि मतदार त्याला सरळ नाकारतात, याचे हे तुलनेने निर्भेळ उदाहरण ठरते. त्यानंतरच्या दशकात मात्र चित्र गुंतागुंतीचे होते.

१९९६ मध्ये भाजपची उमेदवारी जोशी यांना नव्हे, तर गिरीश बापट यांना मिळाली आणि काँग्रेसचे सुरेश कलमाडी निवडून आले. दोनच वर्षांनी कलमाडी काँग्रेसबाहेर पडून अपक्ष उभे राहिले. त्यांना पाठिंबा होता भाजप-शिवसेना युतीचा, म्हणजे ज्यांना त्यांनी १९९६ मध्ये हरविले होते त्यांचाच. काँग्रेसने विठ्ठल तुपे यांना रिंगणात उतरविले आणि तुपे विजयी झाले. धारियांनी १९७७ मध्ये साधले ते कलमाडींना १९९८ मध्ये का साधले नाही, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. धारियांच्या पक्षांतरामागे आणीबाणीसारखी राष्ट्रीय घटना व स्वतः सोसलेला तुरुंगवास होता. कलमाडींच्या पक्षांतरामागे मतदाराला पटेल असे कारण नव्हते. युतीची मते एका काँग्रेसी नेत्याकडे वळविता येतील, हा हिशेब कागदावरच राहिला. तुपे यांच्या वाट्याला जेमतेम तेरा महिन्यांची लोकसभा आली. १९९९ मध्ये शरद पवार यांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली, तुपे त्या पक्षात गेले, दोन्ही काँग्रेस राज्यभर स्वतंत्र लढल्या आणि पुण्यात भाजपचे प्रदीप रावत निवडून आले. २००४ मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र येताच रावत यांचा पराभव होऊन कलमाडी परतले. रावत यांच्या पाच वर्षांच्या कामगिरीवर मतदारांनी निकाल दिला असे म्हणावे, तर १९९९ मध्ये फुटलेली मते २००४ मध्ये जुळली, ही साधी गोष्ट नजरेआड करावी लागते. २००९ मध्ये कलमाडींनी अनिल शिरोळे यांना सुमारे २५ हजार मतांनी हरवून जागा राखली. १९८९ नंतर विद्यमान खासदार पुन्हा निवडून आल्याचा पुण्यातील हा एकमेव प्रसंग आहे.

त्यानंतर मात्र मतदारांना असा निवाडा करण्याची संधीच मिळालेली नाही. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या प्रकरणात एप्रिल २०११ मध्ये कलमाडींना अटक झाली, पक्षाने त्यांना निलंबित केले आणि २०१४ मध्ये काँग्रेसची उमेदवारी विश्वजित कदम यांना मिळाली. (या प्रकरणातील आर्थिक गैरव्यवहाराचा तपास बंद करण्याचा सक्तवसुली संचालनालयाचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला तो २०२५ मध्ये. पक्ष आणि न्यायालये यांची घड्याळे वेगळी चालतात.) शिरोळे तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. इतक्या मोठ्या फरकाने जिंकलेल्या खासदाराला पुढील निवडणुकीत उमेदवारी मिळावी, असे कोणासही वाटेल. परंतु २०१९ मध्ये भाजपने शिरोळे यांच्याऐवजी बापट यांना उभे केले आणि तेही तीन लाखांवर मताधिक्याने जिंकले. २०२४ मध्ये मुरलीधर मोहोळ आले. म्हणजे २०१४, २०१९ आणि २०२४ या लागोपाठच्या तीन निवडणुकांत विद्यमान खासदाराचे नाव मतदानयंत्रावर नव्हते. शिरोळे यांनी पाच वर्षांत काय केले वा केले नाही, याचा निर्णय पक्षाच्या केंद्रीय निवडणूक समितीने केला. अमेरिकेत पक्षाची उमेदवारीसुद्धा प्राथमिक निवडणुकीत मतदारांकडून मिळवावी लागते. आपल्याकडे हा टप्पा बंद दाराआड पार पडतो. ‘पत्ता कापला’ हा आपला वाक्प्रचार कर्त्याचे नाव सांगत नाही, हे सूचक म्हणावे लागेल.

पुणेकर मतदार स्वभावतःच बदलप्रिय आहे, हे म्हणणे विधानसभेच्या निकालांपुढे टिकत नाही. स्वारगेटच्या दक्षिणेकडील सहकारनगर, बिबवेवाडी हा परिसर ज्या पर्वती मतदारसंघात मोडतो, तेथून माधुरी मिसाळ २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चारही निवडणुकांत विजयी झाल्या. म्हणजे ज्या मतदारांनी या काळात लोकसभेसाठी दर वेळी नवा चेहरा पाहिला, त्यांनीच विधानसभेसाठी एकाच व्यक्तीला कायम ठेवले. स्वतः बापट कसबा पेठेतून १९९५ ते २०१४ या काळात सलग पाच वेळा निवडून आले होते. पर्वतीची पूर्वपीठिकाही येथे उपयुक्त ठरते. मतदारसंघांची पुनर्रचना होईपर्यंत पर्वती हा अनुसूचित जातींसाठी राखीव होता व २००४ मध्ये तेथून काँग्रेसचे रमेश बागवे निवडून आले होते. २००९ पासून आरक्षण पुणे कॅन्टोन्मेंटकडे गेले, बागवे तेथे गेले आणि जिंकले. पर्वतीच्या मतदाराने बागवे यांना नाकारले नव्हते. नकाशा बदलला होता.

उमेदवारी नाकारलेल्या वा पराभूत नेत्यांचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच वेळा राज्यसभेत सापडते. अमेरिकेत गव्हर्नर व दोन्ही सिनेटर यांच्यासाठी संपूर्ण राज्याचे मतदार मत देतात. महाराष्ट्रात असे एकही पद नाही. राज्यसभेचे सदस्य राज्याच्या नावाने निवडले जात असले, तरी त्यांना निवडतात आमदार. नानासाहेब गोरे १९७० मध्ये राज्यसभेत गेले. कलमाडी १९९८ मध्ये लोकसभा हरले आणि त्याच वर्षी अपक्ष म्हणून राज्यसभेत पोहोचले. कोथरूडच्या विद्यमान आमदार असताना २०१९ मध्ये ज्यांची उमेदवारी चंद्रकांत पाटील यांच्याकडे गेली, त्या मेधा कुलकर्णी २०२४ मध्ये राज्यसभेच्या सदस्य झाल्या. मतदारांनी किंवा पक्षाने एका दाराने बाहेर काढलेला नेता दुसऱ्या दाराने आत येतो. या दुसऱ्या दाराशी मतदार कोठेच नसतो.

अखेरीस २०२३-२४ मधील घटनांचा उल्लेख आवश्यक आहे. २९ मार्च २०२३ रोजी गिरीश बापट यांचे निधन झाले. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५१अ नुसार रिक्त जागा सहा महिन्यांत भरावयाची असते. उर्वरित मुदत एक वर्षाहून कमी असल्यास, किंवा पोटनिवडणूक घेणे अवघड असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास, एवढाच त्याला अपवाद. बापट यांच्या निधनसमयी लोकसभेची मुदत एक वर्षाहून अधिक उरली होती. तरीही सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीचे व नव्या सदस्याला मिळणाऱ्या अल्प कालावधीचे कारण देऊन आयोगाने पोटनिवडणूक घेतली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तातडीने घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. याच शहरात मुक्ता टिळक यांच्या निधनाने डिसेंबर २०२२ मध्ये रिक्त झालेली कसबा पेठेची जागा अवघ्या दोन-सव्वादोन महिन्यांत, २ मार्च २०२३ रोजी भरली गेली होती. त्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी हेमंत रासने यांना हरविले. लोकसभेत मात्र ४ जून २०२४ च्या निकालापर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांहून अधिक काळ, पुण्याला कोणीच विद्यमान खासदार नव्हता. त्या निकालात मोहोळ यांनी धंगेकर यांचा सुमारे सव्वा लाख मतांनी पराभव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धंगेकर कसब्यातून विद्यमान आमदार म्हणून पुन्हा उभे राहिले, समोर पुन्हा रासनेच होते, आणि या वेळी मतदारांनी रासने यांना निवडले.