बारा बोअरची बंदूक (बीड जिल्हा)

गुळगुळीत नळीची, छर्‍यांची काडतुसे उडवणारी बंदूक. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्यांपैकी एक जिच्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची; व्यास सुमारे १८.५ मिमी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार किमान २० इंच नळीची अशी बंदूक संरक्षणासाठी वा खेळासाठी, तर ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी मागता येते. पोलिसांच्या अहवालानंतर परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्धस्वयंचलित बंदूक बार उडताच वायूच्या दाबाने किंवा धक्क्याने रिकामे काडतूस फेकून दुसरे चढवते. पण भारतात अर्धस्वयंचलित शस्त्रे सर्वसाधारणपणे निर्बंधित वर्गात मोडतात. त्यामुळे सामान्य अर्जदाराची निवड मुख्यतः दुनळी की हाताने सरकवून काडतूस चढवायची पंप-ॲक्शन, एवढीच. ट्रॅप-स्कीट या उडत्या तबकड्यांवरील नेमबाजीत २५ तबकड्यांच्या फेरीसाठी वरखाली नळ्यांची दुनळीच पसंत केली जाते.

बीडमध्ये परवाना हा प्रतिष्ठेचा दागिना होऊन बसला, हे घातकच. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या ९ डिसेंबर २०२४ च्या हत्येनंतर परवान्यांची फेरतपासणी झाली व अनेक रद्द झाले. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा ३ वरून २ वर आली. समारंभात बेदरकारपणे बार काढल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.