साडेबाराच्या आधीचे तास

शनिवार, २९ जून २०२४, रात्र

बार्बाडोसमध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती. पुण्या-मुंबईत फटाके वाजत होते, मुले जागी होती, उद्या रविवार होता. तुकोबांची पालखी आदल्या दिवशी देहूहून आणि माउलींची त्याच दिवशी आळंदीहून निघाली होती, दोन्ही रविवारी पुण्यात पोहोचणार होत्या. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. पाऊस लागला होता. लोणावळ्याला जायचा बेत त्या रात्री किती घरांत ठरला असेल, याची मोजदाद करणे अवघड आहे.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला गेलेले एक घर पुण्यातले होते. त्यांच्याकडे नुकतेच लग्न झाले होते, परगावचे पाहुणे अजून मुक्कामाला होते आणि घरात लहान मुले बरीच होती. लग्नघराची धांदल सरली की पाहुण्यांना एक दिवस कुठेतरी फिरवून आणायचे, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत ऑक्टोबर संपताना हॅलोविनसाठी मुलांचे पोशाख, भोपळे, दारोदारी फिरणे यांची जी लगबग असते, ती आपल्याकडे पावसाळ्यातल्या रविवारी असते. मुलांना पाण्यात खेळायचे असते आणि मोठ्यांना मुलांचे हसू बघायचे असते. यात कुणाचे काही चुकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे घडले त्यानंतर समाजमाध्यमांवर त्या कुटुंबालाच दोष देणारे खूप लोक निघाले.

रविवार, ३० जून, सकाळ

पुणे ते लोणावळा अंतर पासष्ट किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरात पाऊस पूर्ण बदलतो, हे पुण्यात राहणाऱ्यालाही नीट माहीत नसते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहराच्या पाचपट. पुण्यात छत्री मिटून गाडीत बसलेला माणूस वाटेतल्या कामशेतला पोहोचेपर्यंत वायपर लावतो आणि वलवणला समोरचे दिसेनासे होते. परगावच्या पाहुण्यांना तर हा प्रदेशच नवा.

लोणावळ्याजवळच्या औंढ्यापासून भाज्यापर्यंतच्या मावळपट्ट्यात जूनअखेर म्हणजे भाताच्या आवणीची तयारी. इथला शेतकरी सकाळी उठल्यावर डोक्यावरच्या ढगाआधी डोंगराकडे बघतो. माथा दिसतो का, पठारावर काळोख आहे का, ओढ्याच्या पाण्याचा रंग कसा आहे, या तीन गोष्टींवर त्याचा दिवस ठरतो. गावात ऊन पडले असले तरी माथा झाकलेला असेल तर तो गुरे ओढ्यापलीकडे नेत नाही. हे शहाणपण कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते आणि बाहेरून येणाऱ्याला ते विचारायचे असते हेही ठाऊक नसते.

रविवारची गर्दी मात्र सकाळपासूनच वाढत जाते. लोणावळ्याच्या कुमार चौकात गाड्या तुंबतात, भुशी धरणाचा रस्ता तासन्तास हलत नाही. इतका वेळ अडकून, मुले रडवेली होऊन माणूस एकदाचा पाण्यापाशी पोहोचला की ‘पाऊस जोरात आहे, परत फिरू’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. अपघाताच्या कारणांत ही वाहतूक कोंडी कुणी लिहीत नाही. मला ती लिहिली पाहिजे असे वाटते.

सकाळी अकराच्या पुढे

भुशी धरण ब्रिटिशकाळात रेल्वेसाठी बांधलेले. पावसाळ्यात ते भरले की पाणी पायऱ्यांवरून वाहते आणि त्या पायऱ्यांवर बसायला सारा महाराष्ट्र येतो. त्या वर्षी धरण याच सुमारास भरून वाहू लागले होते. गर्दीचे लक्ष पायऱ्यांकडे होते आणि बंदोबस्ताचेही.

धरणाच्या मागच्या अंगाला डोंगरातून ओढे उतरतात आणि जलाशयाला मिळतात. तिथे एक धबधबा आहे. पायऱ्यांवर उभे राहायला जागा नसली की माणसे रानातून चढून तिकडे जातात. पाणी स्वच्छ असते, गर्दी कमी असते, मुलांना बसायला सपाट खडक असतो. सतरा-अठरा जणांच्या त्या कुटुंबातलीही बरीच माणसे अशा ठिकाणी पोहोचली.

आता जागेची व्यवस्था बघा. धरण रेल्वेचे, डोंगर आणि रान वनखात्याचे, शहर नगरपरिषदेचे, रस्त्यावरचा बंदोबस्त पोलिसांचा. या चौघांच्या हद्दी जिथे एकमेकींना लागतात, नेमक्या तिथल्या ओढ्यात दोरी घेऊन उभा असलेला एकही माणूस नव्हता.

दुपारी बारा ते साडेबारा

वरच्या पठारावर पाऊस कोसळत होता.

सह्याद्रीचा काळा कातळ पाणी शोषत नाही. वरचा मातीचा थर पातळ असतो आणि पहिल्या काही दिवसांच्या पावसात तो भरून जातो. त्यानंतर पडणारा थेंब न् थेंब उतारावरून खाली धावतो. पठाराच्या एका चौरस किलोमीटरवर वीस मिलिमीटर पाऊस पडला तर ते दोन कोटी लिटर पाणी होते, आणि जोराच्या सरीत वीस मिलिमीटर पडायला अर्धा तासही पुरतो. ते पाणी ज्या अरुंद घळीतून उतरते तिथे पातळी तासातासाने चढत नाही. लोंढा येतो. खाली खेळणाऱ्याला वरची सर दिसत नाही, आणि धबधब्याच्या आवाजात वरून येणाऱ्या पाण्याचा आवाजही वेगळा ऐकू येत नाही.

चार वर्षांचे मूल साधारण शंभर सेंटिमीटर उंच आणि पंधरा-सोळा किलोचे असते. वडिलांच्या गुडघ्यापर्यंत आलेले पाणी त्याच्या कमरेला लागते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो. वडिलांना ‘जरा ओढ वाढली’ असे वाटते त्या क्षणी मुलाचे पाय खडकावरून सुटलेले असतात. त्याला उचलून कडेवर घेतले तर मोठ्या माणसाचा एक हात गेला आणि तोलही गेला. शेवाळलेल्या कातळावर पाय रोवायला काही नसते. लहान मुले घेऊन वाहत्या ओढ्यात उतरणे आणि मोठ्यांनी उतरणे हे एकच धाडस समजू नये. दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

साडेबाराच्या सुमारास

पुढची काही क्षणांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ओढ्याच्या मधोमध एका खडकावर बायका, माणसे, मुले एकमेकांना घट्ट धरून उभी आहेत. दोन्ही बाजूंनी फेसाळ पाणी. काठावरचे लोक ओरडताहेत. कुणीतरी ओढणी, कापड असे काही हाताशी मिळेल ते शोधत असणार, पण मधले अंतर हाताने पार होण्यासारखे नव्हते. पाणी चढते, घोळका एका बाजूला झुकतो आणि तुटतो.

ते लोक तिथे थांबले का, पळाले का नाहीत, असे विचारणाऱ्यांनी ती चित्रफीत पुन्हा बघावी. पळायला जागाच उरली नव्हती. लोंढा आल्यावर त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, मुलांना न सोडणे. ती त्यांनी शेवटपर्यंत केली.

दहा जण वाहून गेले. त्यातले पाच वाचले. एक छत्तीस-सदतीस वर्षांची बाई आणि चार मुले धबधब्यावरून खाली जलाशयात गेली. मुलांची वये तेरा, नऊ, आठ आणि चार.

दुपार ते रात्र

लोणावळ्यात असे काही झाले की शिवदुर्ग मित्रच्या पोरांना फोन जातो. ही स्थानिक गिर्यारोहकांची संस्था आहे. तिची माणसे आपापले धंदे-नोकऱ्या सोडून दोर, हार्नेस, लाइफ जॅकेट घेऊन निघतात. त्या दिवशी ते होते, पोलीस होते आणि शेजारच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तळावरचे पाणबुडेही आले. रविवारी तीन मृतदेह मिळाले, त्या बाईचा आणि दोन मुलींचा. अंधार पडल्यावर शोध थांबवावा लागला.

पावसाळ्यातल्या गढूळ जलाशयात शोध म्हणजे काय असते, हे काठावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पाण्यात हातभरावरचे दिसत नाही. पाणबुड्या तळाला हाताने चाचपत सरकतो. वरून पाणी येतच असते, पाऊसही थांबलेला नसतो. आणि काठावर नातेवाईक असतात. त्यातले काही जण नुकतेच लग्नाच्या पंगतीत बसलेले असतात.

सोमवार, १ जुलै आणि पुढचे दिवस

उरलेली दोन मुले पुढच्या शोधात सापडली. नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा.

मुंबईत विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते, तिथे विषय निघाला. मदत जाहीर झाली. जिल्हाधिकाऱ्यांनी धबधबे, धरणे, गड अशा ठिकाणी प्रतिबंधात्मक आदेश लावले. खोल पाण्यात उतरणे, धोक्याच्या जागी सेल्फी काढणे, रील करणे यांवर बंदी आली, संध्याकाळी सहानंतर भुशीला जायला मनाई झाली. धरणाच्या वाटेवरच्या टपऱ्या हटवल्या गेल्या. हे सगळे आवश्यकच होते. पण ओढ्याच्या तोंडाशी कायमचा माणूस, पठारावर पाऊस मोजणारे यंत्र आणि त्याला जोडलेला भोंगा यांची चर्चा जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

इशाऱ्यासाठी वेळ किती मिळतो हे कळावे म्हणून बाहेरच्या जगातले एक उदाहरण देतो. २९ ऑक्टोबर २०२२ला दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलच्या इटेवॉन भागात हॅलोविनची गर्दी होती. हॅमिल्टन हॉटेलच्या बाजूची एक उतरती गल्ली, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम तीन मीटर रुंद. संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी पोलिसांना पहिला फोन आला, इथे माणसे चेंगरून मरतील असे सांगणारा. त्यानंतर असेच आणखी दहा फोन आले. रात्री सव्वादहाच्या सुमारास गल्लीतली गर्दी एकमेकांवर कोसळली, १५९ जीव गेले. त्या शहराच्या यंत्रणेला पावणेचार तास मिळाले होते आणि तिने ते घालवले. पुढे तिथल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली.

भुशीला पावणेचार तास नव्हते. पाण्याची ओढ वाढल्यापासून घोळका तुटेपर्यंत मोजकी मिनिटे होती. त्या मिनिटांत फोन लागला असता तरी कुणी पोहोचले नसते. म्हणून इथले घड्याळ साडेबाराला सुरू होते असे धरणे चूक आहे. ते सकाळी सुरू होते. पठारावर ढग बसतात तेव्हा, कुमार चौकात गाड्या तुंबतात तेव्हा, पायऱ्यांवर जागा नाही म्हणून पहिले कुटुंब रानाच्या वाटेला लागते तेव्हा. वाचवण्याजोगे तास तेच होते आणि त्या तासांत ओढ्यावर अडवणारे कुणी नव्हते. याचा जाब यंत्रणेला विचारला पाहिजे. मृतांना विचारून काही मिळणार नाही.

रविवार, १५ जून २०२५, दुपारी साडेतीनच्या सुमारास

अजून वर्षही झाले नव्हते. तालुका तोच, मावळ. इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह नदीत कोसळला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलासाठी आठ कोटी मंजूर झाले होते. पुलावर शंभराच्या वर माणसे होती आणि त्यांच्यात दुचाक्याही शिरल्या होत्या. चार जण गेले, त्यात एक लहान मूल होते. पन्नासच्या आसपास जखमी झाले. तिथेही सकाळपासून गर्दी वाढत होती आणि तिथेही ती मोजून थांबवणारे कुणी नव्हते.

पावसाळ्यात मुले घेऊन आमच्याकडे, मावळात, येणार असाल तर जरूर या, पण काही गोष्टी पाळा. वाहत्या ओढ्यात मुलांना उतरवू नका, पाणी घोट्याएवढे असले तरी. काठावर बसा. डोंगराचा माथा ढगात असेल तर काठापासूनही लांब बसा. पाण्याचा रंग चहासारखा होऊ लागला, काटक्या-पालापाचोळा वाहत आला किंवा मघाशी कोरडा असलेला दगड भिजला, तर सामान तिथेच टाकून मुलांना उचला आणि वर चढा. दोन्ही काठांवर कुटुंब विभागू देऊ नका. कुणी वाहून जात असेल तर मागे उडी मारू नका, दोरी, ओढणी, लांब काठी फेका आणि ११२ला फोन करा. आणि गाडीतून उतरल्यावर पहिला दिसेल त्या गावकऱ्याला विचारा की आज ओढा कसा आहे. आमच्याकडचा कुणीही माणूस त्याचे खरे उत्तर देईल.